न मानलेले आभार

शेंडे मॅडमची आणि माझी ओळख भांडणातून झाली. मी नागपूरच्या एका दैनिकात ग्रामीण पान लावतो. तेव्हाही लावत होतो, आजही लावतो. या धंद्यात माणूस एकतर संपादक होतो किंवा माझ्यासारखा एका पानाला चिकटून म्हातारा होतो. एका सकाळी डेस्कवरचा फोन वाजला आणि पलीकडून एक ठसठशीत बायकी आवाज म्हणाला, "पेपर ना? ते शिष्यवृत्तीची बातमी कोणं टाकली?"

"मीच. काय झालं?"

"काही नाही. अभिनंदन कराचं होतं. साहेबाले शिष्यवृत्ती भेटली म्हणून."

मी अंक उघडला. बातमी अशी होती की कोळसा खाणीच्या पट्ट्यातल्या एका सरकारी शाळेतल्या तीन मुली शिष्यवृत्ती परीक्षेत पास झाल्या. खाली फोटो. फोटोत आठ माणसं. मधोमध खाण कंपनीचे साहेब, शेजारी सरपंच, मग त्यांचे शेजारी, मग त्या शेजाऱ्यांना चिकटलेले. मुली कुठेच नव्हत्या.

"उजव्या कोपऱ्यात पहा," आवाज म्हणाला. "एका पोरीची अर्धी वेणी दिसून राहिली. बाकीची पोरगी फोटोवाल्यानं कापली का तुम्ही?"

मीच कापली होती. फोटो तीन कॉलमात बसत नव्हता आणि कडेला तीन पोरी उभ्या होत्या. साहेब काही कडेला नव्हते. मी म्हणालो, "जागा नव्हती मॅडम."

"हाव ना," त्या म्हणाल्या. "जागा नसली का आमचंच कापल्या जाते." आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मी त्या तिघींचा वेगळा फोटो छापला. संध्याकाळी पुन्हा फोन आला. "आज पोरी दिसल्या. कुंदा शेंडे बोलते, मुख्याध्यापिका." मॅडमशी झालेल्या ओळखीत मी केलेलं चांगलं काम एवढंच. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात ठेवा, म्हणजे माझ्याबद्दल फार आशा बाळगणार नाही.

गावाचं नाव मी देत नाही. नावं न देण्याची सवय मला धंद्याने लावली आहे. कंपनीचंही नाव देत नाही, पण त्या भागात ते लागतही नाही. तिथे सगळे नुसतं 'कंपनी' म्हणतात, जसं घरात नुसतं 'आई' म्हणतात. पाणी कंपनीचं, रस्ता कंपनीचा, पोळ्याचं बक्षीस कंपनीचं, भागवत सप्ताहाचा मांडव कंपनीचा आणि आमच्या पानावरची अर्ध्या पानाची जाहिरातही कंपनीची.

मॅडम त्या गावात पांढरी साडी नेसायच्या. रोज. पांढरी सुती, निळ्या किंवा हिरव्या बारीक काठाची. ज्या गावात कावळाही अंग झटकून बसतो, तिथे ही बाई पांढरं नेसून शाळेत यायची आणि दुपारपर्यंत तिचे खांदे राखाडी व्हायचे. पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी नको तो प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "मळ दिसाले पायजे ना भाऊ. मी काळी नेसली तर मलेबी दिसणार नाही, न तुमच्या साहेबालेबी." साहेब म्हणजे कंपनीचे. ते 'तुमचे' आहेत, हे त्यांनी पहिल्याच भेटीत ठरवून टाकलं होतं. मला तेव्हा राग आला होता.

त्या गावातच राहायच्या. शिक्षकाने नेमणुकीच्या गावी राहावं असा नियम आहे. तो नियम बाकीचे शिक्षक सरपंचाच्या दाखल्यावर पाळतात आणि नागपूरहून अपडाऊन करतात. मॅडमनी खरोखरच दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. यजमान रेल्वेत, अजनीला. ते रविवारी डबा घेऊन यायचे, कारण मॅडमना स्वयंपाक येत नसे आणि त्यांना येत असे. "माझा रविवारचा नवरा हाय," असं त्या चारचौघांत म्हणायच्या आणि ते बिचारे भरल्या वांग्याचं झाकण उघडत हसायचे. दोघांचे आईवडील छप्पन साली दीक्षाभूमीवर उभे होते. मॅडम त्याबद्दल फारसं बोलायच्या नाहीत. फक्त कुणी म्हणालं की कंपनीने एवढं दिलं, जरा नमतं घ्या, तर म्हणायच्या, "नमाची सवय माझ्या बापानं मोडली. आता वय नाही नवी सवय लावाचं."

शाळा मी पाहिली ती पावसाळा संपल्यावर. चार खोल्या, कवेलूचं छप्पर. खाणीत दुपारी सुरुंग उडायचे आणि दर वेळी दोन-चार कवेलू खाली यायचे. सुरुंगाची वेळ झाली की मॅडम हातातलं पुस्तक मिटून म्हणायच्या, "चला, कवायत." सगळी शाळा अंगणातल्या निंबाखाली जाऊन बसायची, धडाम झालं की परत वर्गात. पोरांना यात काही वावगं वाटत नव्हतं. इतर शाळांत मधली सुट्टी एक असते, यांच्याकडे दोन.

छताच्या दुरुस्तीसाठी त्या तीन वर्षं अर्ज करत होत्या. वरच्या कार्यालयातून अर्ज परत यायचा, त्यावर शेरा असायचा: कंपनीच्या सामाजिक निधीतून करून घ्यावे. कंपनीकडे गेलं की कंपनी म्हणायची, छत आमच्या यादीत नाही; आम्ही बाकं देऊ, टीव्ही देऊ, दप्तरं देऊ. म्हणजे ज्यावर नाव रंगवता येतं ते सगळं. कवेलूवर नाव कुठे रंगवणार? तर बाकांवर कंपनीचं नाव, दप्तरांवर, पाण्याच्या टाकीवर, संडासाच्या दारावर तर मराठी-इंग्रजी दोन्हीत. आणि इतकं सगळं दिलेलं पाहून सरकार म्हणायचं, या शाळेला आता काय कमी आहे? शाळेच्या नावावर येणारा दरवर्षीचा निधीसुद्धा दुसरीकडे वळला. मॅडमच्या भाषेत, "एकानं दिलं म्हणून दुसऱ्यानं हात काढून घेतला, न पयल्यानं दिलं काय, तर बसाचं बाक."

बाकांवरच्या नावाचा मात्र त्यांनी बंदोबस्त केला होता. रोज सकाळी प्रार्थना झाली की प्रत्येक पोर खडूने बाकावर स्वतःचं नाव लिहायचं, मोठ्या अक्षरात, थेट कंपनीच्या नावावर. पहिलीची पोरं एक अक्षर लिहायची, सातवीची आडनावासकट. संध्याकाळी पुसायचं, सकाळी पुन्हा लिहायचं. कंपनीच्या एका साहेबाने पाहून विचारलं, हे काय? मॅडम म्हणाल्या, "लेखनाचा सराव, सर." त्या शाळेतल्या पोरांचं अक्षर तालुक्यात सगळ्यांत चांगलं होतं, हे मी निःपक्षपातीपणे सांगतो.

आमचा तिथला वार्ताहर बंडू लांजेवार. वार्ताहर म्हणजे काय ते बाहेरच्यांना माहीत नसतं. त्याला पगार नसतो. तो अंक विकतो, जाहिराती आणतो, जाहिरातीवर कमिशन मिळवतो, आणि उरलेल्या वेळात बातम्या पाठवतो. आता जो माणूस जाहिरात देतो त्याच्याविरुद्ध बातमी पाठवायला लांजेवार काही संत नव्हता. त्याच्या भावाचे दोन ट्रक कंपनीतच लागले होते. पण माणूस वाईट नव्हता. त्याची मुलगी मॅडमच्याच शाळेत होती, अर्ध्या वेणीवाली तीच. मॅडम त्याला तोंडावर म्हणायच्या, "ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, बरोबर हाय बंडू. पण आमच्या शाळेत खिचडी असते. मी कायले टाळी वाजवू?" तो ओशाळं हसायचा आणि खिचडी खाऊन जायचा.

एका हिवाळ्यात मॅडम शाळेची सहल घेऊन नागपुरात आल्या. महाराजबागेत वाघ पाहून झाल्यावर पोरांना छापखाना दाखवायचा म्हणून आमच्या कार्यालयात. पन्नासेक पोरं, सगळ्यांच्या पाठीवर कंपनीची दप्तरं. मशीन पाहून झालं, मग कॅन्टीनच्या लांब टेबलांवर सगळे डबे उघडून बसले. आणि मी पाहिलं की पन्नासही पोरं उजव्या हाताने जेवत होती आणि डावा तळहात डब्यावर छत्रीसारखा धरून होती. कुणी सांगितलं नव्हतं. घास घेताना तळहात थोडा उचलायचा, पुन्हा झाकायचं. आमच्या कॅन्टीनवाल्याला वाटलं, पोरांना कुणी डब्यातलं हिसकावेल अशी भीती आहे. तो म्हणाला, "अरे खा ना आरामात, कोणी नाही घेत तुमचं."

लांजेवारची मुलगी म्हणाली, "कोणी घेत नाही काका. कोळशाची भुकटी पडते."

"इथं कुठं भुकटी?"

तिने वर पाहिलं. छताला पंखा फिरत होता, ट्यूबलाइट होती. ती हसली, हात बाजूला केला, दोन घास तसेच खाल्ले आणि तिसऱ्या घासाला हात आपोआप परत आला. मॅडम टेबलाच्या टोकाला उभ्या होत्या. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, पण मला कळलं की वाघ आणि छापखाना हे निमित्त होतं. त्यांनी पन्नास पोरं मला जेवताना दाखवायला आणली होती.

त्या दिवशी मी लिहिलं. बऱ्याच वर्षांनी मनापासून लिहिलं, दीड कॉलम. संपादकांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "सुंदर आहे. पुढच्या आठवड्यात घेऊ. वर्धापनदिनाची पुरवणी होऊन जाऊ दे." पुरवणीत कंपनीची पाठपोट जाहिरात होती. ती झाली, मग प्रजासत्ताक दिन आला, मग साहेबांचा वाढदिवस. आमच्याकडे बातमी कुणी मारत नाही. तिला पुढच्या आठवड्यात ठेवतात. मॅडमनी एकदाच फोनवर विचारलं, "भाऊ, ते बातमी पोटातच राहिली का?" मी म्हणालो, येईल. त्या "बरं" म्हणाल्या. चौथीच्या पोराने गृहपाठ घरी राहिला म्हणून सांगितल्यावर ज्या सुरात म्हणत असतील, त्याच सुरात.

आता मुख्य गोष्ट. कंपनीला शाळेच्या भिंतीला लागून कोळशाची सायडिंग वाढवायची होती. सायडिंग म्हणजे खाणीतला कोळसा आणून ढीग घालायचे आणि रेल्वेच्या डब्यांत भरायची जागा. आधी ती अर्धा किलोमीटर लांब होती, तेव्हा पोरं डब्यावर हात धरून जेवत होती. आता ती खिडकीखाली येणार होती. अशा कामाआधी जनसुनावणी घ्यावी लागते; गावकऱ्यांनी हरकती सांगायच्या, सरकारी अधिकाऱ्यांनी ऐकायच्या. मॅडमनी हरकत तयार केली होती. घरोघर फिरून सह्या घेतल्या होत्या. अर्ध्या गावाच्या सह्या, अर्ध्या गावाची नोकरी कंपनीत असताना. त्यांना एकच हवं होतं: सायडिंग आहे तिथेच राहावी आणि शाळा आहे तिथेच राहावी.

सुनावणीच्या दहा दिवस आधी कंपनीने शाळेला डिजिटल वर्ग दिला. एक मोठा पडदा, एक खोली रंगवलेली, आणि उद्घाटनाचा कार्यक्रम. कार्यक्रमपत्रिका आठवडाभर आधी छापून आली. प्रास्ताविक कोण, संचालन कोण, अध्यक्ष कोण, आणि आभार: मुख्याध्यापिका सौ. कुंदा शेंडे.

मॅडम उभ्या राहिल्या. हे मला नंतर कळलं. कळायला उशीर झाला हाच सगळा घोळ आहे. त्या माईकसमोर आल्या आणि म्हणाल्या, "आभार मानाचं काम माह्याकडं दिलं हाय. मी लेकरांचे आभार मानते, का ते अजून शाळेत येऊन राहिले. बाकी कोणाचे मानत नाही. साहेब, पडदा मोठा हाय, पण त्याच्यावर धूळ बसली का चित्र दिसणार नाही. सायडिंग इकडं आणू नका. एवढंच." आणि खाली बसल्या. कुणी टाळी वाजवली नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मागे उभ्या असलेल्या दोन बायका, ज्यांचे नवरे कंपनीत होते, त्या रडल्या म्हणे.

लांजेवार तिथे नव्हता. त्याने बातमी कार्यक्रमपत्रिकेवरून सकाळीच लिहून व्हॉट्सअॅपवर पाठवून दिली होती आणि तो अंकांची वसुली करायला दुसऱ्या गावी गेला होता. यात त्याला वेगळं असं काही वाटलं नाही. सगळेच करतात. कार्यक्रम पत्रिकेप्रमाणेच होतो; न झाला तरी बातमी पत्रिकेप्रमाणेच होते. त्याच्या बातमीचं शेवटचं वाक्य होतं, 'आभार मुख्याध्यापिका कुंदा शेंडे यांनी मानले.' अशा प्रत्येक बातमीचं शेवटचं वाक्य हेच असतं. ते लिहिताना हात चालतो, डोकं चालत नाही.

मी पान लावत होतो. बातमी चौकटीत बसवली तर तीन ओळी कमी पडत होत्या. खाली पांढरी जागा दिसत होती. अशा वेळी फोटो ताणतात, नाहीतर ओळी वाढवतात. मी ओळी वाढवल्या. 'कंपनीच्या सहकार्यामुळे शाळेचा कायापालट झाला असून विद्यार्थ्यांचे भवितव्य उज्ज्वल झाले आहे, असे त्या म्हणाल्या.' टाइप करायला मला अर्धं मिनिटही लागलं नसेल. चहा पीत होतो. मला त्या क्षणी मॅडमचा चेहरा आठवला का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. नाही आठवला. कुंदा शेंडे हे त्या क्षणी एक नाव होतं आणि मला तीन ओळी हव्या होत्या. लांजेवारने आभार मानायला लावले. कायापालट मी केला.

सकाळी फोन आला. मॅडमचा होता. "भाऊ, तुम्ही आले होते का काल?"

"नाही मॅडम."

"मंग मी बोलली ते तुम्ही कुठून ऐकलं?"

मी सगळं सांगितलं. खरं सांगितलं, तीन ओळींचंसुद्धा. मला वाटलं त्या ओरडतील. त्या म्हणाल्या, "मले वाटलं कंपनीवाल्यानं पैसे देऊन छापून आणलं. पैसे घेऊन छापलं असतं तर बरं झालं असतं भाऊ. तुम्ही तर फुकटातच केलं." आणि मग अगदी कामाच्या आवाजात: "खुलासा छापा. सुनावणीच्या आत."

मी संपादकांकडे गेलो. ते म्हणाले, "कशाचा खुलासा? बाईंची स्तुतीच तर छापली आहे. कुणाची बदनामी केली का?" मी म्हणालो, त्या बोलल्याच नाहीत. "अहो, कार्यक्रमात आभार सगळेच मानतात. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला? सुनावणी होऊन जाऊ दे, मग पाहू." म्हणजे पुढच्या आठवड्यात. मी खोलीतून बाहेर आलो आणि पान लावायला बसलो. राजीनामा वगैरे माझ्या मनात आला असं मी इथे लिहू शकतो, वाचायलाही बरं वाटेल. आला नाही.

सुनावणीला मात्र मी स्वतः गेलो, स्वतःहून. शाळेच्याच मैदानात मांडव होता, कंपनीचाच. व्यासपीठावर सरकारी अधिकारी, बाजूला कंपनीचे लोक, आणि पत्रकारांसाठी वेगळं टेबल, त्यावर पांढरं कापड आणि काजू. पहिल्या दोन तासांत कंपनीने आणलेले लोक बोलले. मग मॅडमचा नंबर आला. त्यांच्या हातात सह्यांचा गठ्ठा होता. त्या दोन वाक्यं बोलल्या असतील, तेवढ्यात कंपनीचा माणूस उठला, अतिशय अदबीने. "मॅडमबद्दल आम्हाला आदर आहे," तो म्हणाला. "पण दहा दिवसांपूर्वी मॅडमच काय म्हणाल्या ते पहावं." आणि मांडवातल्या पडद्यावर माझी बातमी आली. चौकटीसकट. कायापालटाच्या ओळीखाली लाल रेघ मारलेली.

मांडवात हशा झाला. मोठा नाही, पण तेवढाही पुरला. सह्या करणारे लोकसुद्धा एकमेकांकडे पाहू लागले. बाईने त्यांना सही करायला लावली आणि स्वतः तिकडे आभार मानून आली, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. व्यासपीठावरचे अधिकारी म्हणाले, "मॅडम, तुम्ही हे बोललात की नाही?"

"नाही बोलली."

"मग पेपरात कसं आलं?"

मॅडमनी पत्रकारांच्या टेबलाकडे पाहिलं. लांजेवारने मान खाली घालून मोबाइल काढला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी नाव घेतलं नाही, बोट दाखवलं नाही. नुसत्या थांबल्या. मी उठून एक वाक्य बोलायचं होतं: ते मी लिहिलं. माईकसुद्धा लागला नसता. माझ्या शेजारच्या दैनिकाचा पत्रकार माझ्या कानात म्हणाला, "अरे, ही तुझीच बातमी ना?" आणि मी काजूच्या बशीकडे पाहत राहिलो. अधिकारी म्हणाले, "पुढचे कोण?"

"पेपर खोटा हाय," मॅडम म्हणाल्या, पण तोवर माईक दुसऱ्याच्या हातात गेला होता.

दुसऱ्या दिवशी आमच्या पानावर 'जनसुनावणी शांततेत पार पडली' असं शीर्षक होतं. मीच दिलं.

पुढचं लवकर सांगतो, कारण ते लवकरच झालं. सायडिंग आली. मॅडमना सरकारी नोकरीत असून विकासकामाला विरोध केला म्हणून नोटीस आली; त्यांनी तीन ओळींचं उत्तर दिलं, पुन्हा नोटीस आली नाही. कंपनीने सायडिंगपासून लांब, आपल्या वसाहतीत इंग्रजी शाळा काढली. ज्यांना परवडलं त्यांनी पोरं तिकडे घातली. लांजेवारनेही घातली. तो मॅडमच्या घरी सांगायला गेला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "बरं केलं. पोरीले दमा लागून राहिला होता. तिकडं हवा बरी हाय." तो अजून ते वाक्य सांगताना पाणी पितो.

पटसंख्या कमी झाली. कमी झाली म्हणून शाळा दुसऱ्या गावच्या शाळेत सामावली. इमारतीत आता सायडिंगचे वजनकाटेवाले बसतात. छप्पर नवीन घातलं आहे, पत्र्याचं. कंपनीने घातलं, मागायला कुणी गेलंही नव्हतं. मॅडमची शेवटची दोन वर्षं दुसऱ्या तालुक्यात गेली आणि तिथूनच त्या निवृत्त झाल्या. मला त्यांचा फोन आला नाही. मी केला नाही. काय म्हणणार होतो?

गेल्या उन्हाळ्यात खालून काउंटरवरच्या मुलीचा फोन आला. आमच्या कार्यालयात तळमजल्यावर छोट्या जाहिरातींचं काउंटर आहे. नावात बदल, कागदपत्र हरवले, वधू पाहिजे. ती म्हणाली, "सर, एक बाई आल्या आहेत. मजकूर आपल्याच पेपरविरुद्ध आहे. घेऊ का?" मी खाली गेलो.

पांढरी साडी. नागपुरात ती पांढरीच राहिली होती. केस सगळे पिकलेले. समोर जाहिरातीचा फॉर्म, त्यावर ते तालुक्यातलं सगळ्यांत चांगलं अक्षर. मी वाचलं. 'मी, कुंदा शेंडे, सेवानिवृत्त मुख्याध्यापिका, सर्वांस कळविते की, आपल्या दैनिकात माझ्या शाळेच्या कार्यक्रमाच्या बातमीत माझ्या नावे जे छापले, ते मी बोलले नव्हते. कंपनीमुळे शाळेचा कायापालट झाला नव्हता. शाळा बंद झाली.'

"पैसे भरून तरी छापता का?" मॅडम म्हणाल्या. रागाने नाही. खरंच विचारत होत्या.

आणि मी, माझ्या तोंडून, म्हणालो, "मॅडम, 'आपल्या दैनिकात' हे काढावं लागेल."

त्यांनी काढलं. पेनाने एक सरळ रेघ.

"आणि कंपनीचं…"

तेही काढलं. "शाळेचं?" त्यांनीच विचारलं. मी म्हणालो, शाळा आली की कंपनी आलीच. त्यांनी त्यावर आणि वरच्या मायन्यावरही रेघा मारल्या. पानावर उरलं, खालच्या सहीसकट, 'मी बोलले नव्हते. कुंदा शेंडे.' त्यांनी ते मुलीकडे सरकवलं. "हे चालते का वं?" मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मॅडमनी विचारलं, "अंक कुठं भेटते सकाळी? मले पयल्या गाडीनं माझ्या लेकीकडं जायचं हाय." मुलगी म्हणाली, "बसस्टँडवर मॅडम, साडेपाचला."

साडेपाचला मीही बसस्टँडवर होतो. का गेलो ते माहीत नाही; गठ्ठे सोडायची वेळ होती आणि मी चहाच्या ठेल्यामागे उभा होतो. मॅडम आल्या, एक अंक घेतला, तिथेच उभ्या राहून मागचं पान उघडलं. बोट फिरवत फिरवत थांबल्या. नावात बदल आणि हरवलेल्या मार्कशीटच्या मध्ये एक लहानशी चौकट. विक्रेता सुटे देत होता. मॅडमनी अंक त्याच्यापुढे धरला.

"हे पाय. हे माझं हाय."

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. पिशवी खाली ठेवली.

"काय नाही बोलल्या, बाई?" त्याने विचारलं.

इतक्या वर्षांत हा प्रश्न मॅडमना पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता. गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता. मॅडमनी हातातली पिशवी त्याच्या अंकांच्या गठ्ठ्यावर ठेवली आणि त्याला अगदी पहिल्यापासून सांगू लागल्या.